सीट खाली करणार नाही

१० नोव्हेंबर २०१३, रविवार
आजपासून नोंद. प्रितेश म्हणतो, ट्रेनिंग करणारा प्रत्येक जण नोंद ठेवतो. कंपनीची डायरी कोरीच पडली होती. हिच्यात फक्त ट्रेनिंगचं लिहायचं. बाकी काही नाही.

कारण एकदाच लिहून ठेवतो. माझा धाकटा भाऊ मिथुन दसऱ्यानंतर डेंग्यूने गेला. दहाव्याला गाढी नदीच्या घाटावर कावळा पिंडाला शिवेना. बुधाजी काका मागून सांगत होते, आईला सांभाळीन बोल. बोललो. वरचा मजला त्याच्या नावाचा ठेवीन बोल. बोललो. कावळे झाडावरून नुसते बघत होते. ऊन चढलं, अनवाणी पाय भाजायला लागले, भावकी घड्याळात बघायला लागली. तेवढ्यात प्रितेश माझ्या कानाशी आला. हा मिथुनबरोबर डोंगरात सायकल चालवायचा, नवीन पनवेलला त्याचं सायकलचं दुकान आहे. म्हणाला, दादूस, रेसचं बोला. मिथुनने फेब्रुवारीतल्या घाटमाथ्यावरच्या डोंगरी रेसला नाव दिलं होतं. मी बोललो, "तुझी रेस मी करीन. तुझ्याच सायकलवर." कावळा लगेच खाली.

मी बीएस्सी आहे, केमिस्ट्री. कावळ्याला रेस कळत नाही हे मला ठाऊक आहे. पण सगळ्या भावकीने ऐकलं. शब्द दिला तो दिला.

रेस ९ फेब्रुवारीला. वेळ भरपूर. वय चव्वेचाळीस, बीपी नाही, दारू नाही. अवघड काही दिसत नाही.

११ नोव्हेंबर
सायकल पाहिली. मिथुन माझ्यापेक्षा वीतभर उंच होता, त्यामुळे सीट वर. सीटच्या दांड्यावर त्याने खूण म्हणून काळी चिकटपट्टी गुंडाळली आहे. प्रितेश सीटचा खटका उघडायला वाकला. मी त्याचा हात धरला. म्हटलं, त्याने ठेवली तशीच राहील. तो म्हणाला, दादूस, चार बोटं तरी खाली घ्या, पाय पोचत नाहीत तुमचे. म्हटलं, पोचतात. नेटाने पोचतात. सीट उंच असली की मांडीला ताण जास्त, म्हणजे ताकद जास्त. असं कुठे नसतं म्हणाला. दुकानदाराला काय कळणार.

चढायला घराचा ओटा सोयीचा आहे. उतरायलाही ओटाच लागतो. ओटा सोडून दुसरीकडे उतरायचं कसं, ते बघू.

१३ नोव्हेंबर
प्रितेशचा प्लॅन असा. हिवाळ्यात डोंगर नाही, रस्ता. सपाट, लांब, हळू. डोंगरात चालवणारे सगळे थंडीत असंच करतात म्हणे, दम तयार होतो. जाड दातेरी टायर काढून त्याने गुळगुळीत घातले. टायर बदललेले चालतात, ते झिजतातच. सीट झिजत नाही.

नियम एकच. चालवताना बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटलं की वेग जास्त झाला असं समजायचं.

म्हणजे बोलावं लागणार. माझा स्वभाव तसा नाही. मिथुन म्हणायचा, दादूसचं महिन्याचं बोलणं एका एसेमेसमध्ये बसेल. हसायचे सगळे.

१७ नोव्हेंबर, रविवार
पहिली फेरी. करंजाडे ते पळस्पे फाटा, प्रितेशच्या ग्रुपबरोबर. सहा माणसं, सहा रंग, पोपटाच्या पिंजऱ्यासारखी. नियमाप्रमाणे बोलत होती. फ्लॅटचे भाव, टायरमधली हवा, कुणाच्या गुडघ्याची वाटी. एकाने मला विचारलं, आप मिथुन के भाई? फिर आप के तो खून में ही होगा. उत्तर दिलं नाही. त्यामुळे वेग तपासायचा राहिला.

फाट्याला सिग्नलपाशी मी पडलो असं जे सांगतायत ते खोटं आहे. थांबायला आधार नव्हता म्हणून बाजूला उतरलो. आडवा.

यापुढे एकटा जाणार. टोळक्याने दम वाढत नाही.

२० नोव्हेंबर
एकट्याने बोलणं वेड्याचं लक्षण. म्हणून पाढे म्हणतो. सतराचा सपाटीला बरा पडतो. पुलाच्या चढाला दोनचा.

थांबायच्या जागा पक्क्या झाल्या. कोन गावाला मोरीचा कठडा आहे, त्यावर डावा पाय बरोबर टेकतो. पळस्पेजवळ मैलाचा दगड. कर्नाळ्याला बसथांब्याची पायरी. या तीन सोडून कुठेही थांबता येत नाही, म्हणजे आपोआप दम वाढतो. प्रितेशला हे सुचलं नसतं.

ट्रेलरवाले मुद्दाम अंगावर घालतात. कुत्री मुद्दाम चावायला येतात. थांबता येत नाही हे कुत्र्यांना कसं कळतं कोण जाणे.

२४ नोव्हेंबर, रविवार
सायकलची चड्डी घालून ओट्यावर आलो. समोरच्या शोभाकाकू तांदूळ निवडत होत्या. आत हाक मारून म्हणाल्या, "अगो ये बघ, जगन नागवाच चाललाय." आमच्या गावाला खेळाडू बघायची सवय नाही. चड्डी प्रितेशच्या दुकानातली आहे, आत गादी असते. गादीचा उपयोग शून्य. सीटचं चामडं मुद्दाम कडक केलेलं असावं.

बायको म्हणाली, अहो, वरून लुंगी तरी गुंडाळा. किशोरीला खेळातलं काही कळत नाही.

१ डिसेंबर, रविवार
आज हद्द झाली. करंजाडेच्या नाक्यापासून मागे पांढरी गाडी. चारी दिवे लुकलुकत, माझ्याच वेगाने. वळून बघता येत नाही (वळलो की सायकल वळते). कोनच्या कठड्यावर पाय टेकल्यावर पाहिलं तर बुधाजी काका. गळ्यात चेन, मांडीवर वडापावची पिशवी, टेपवर हळदीची गाणी. म्हणाले, "आमच्या घरान्चा एक गेला. दुसरा ट्रेलरखाली जाऊ देनार नाय. तू चाल फुरं." म्हटलं, काका, तुम्ही जा. म्हणाले, "मना काय काम हाय? जमीन गेली, पैसा हाय, डायबेटीस हाय. चाल."

मागे ट्रेलरची ही रांग. कोनच्या नाक्यावर चहावाल्याने विचारलं, कोन उभा हाय, कंच्या पक्षाचा? काका काच खाली करून म्हणाले, "अपक्ष."

दर रविवारी येणार म्हणतात. मला एकांत लागतो हे या कुटुंबाला कधी कळलं नाही.

८ डिसेंबर, रविवार
उजवा गुडघा आतून दुखतो. कारण थंडी. पनवेलची थंडी दिसत नाही, पण सांध्यांत शिरते.

किशोरी मलम लावताना म्हणाली, सीट खाली घ्या. मागून बघवत नाही, कंबर अशी हलते जसं कोणी पोळपाटावर लाटणं फिरवतंय. मी म्हटलं, विषय बंद. ती म्हणाली, भावजी असते तर त्यांनीच खाली करून दिली असती. मी दिवा घालवला.

सीट खाली करणार नाही. लेखी.

१५ डिसेंबर, रविवार
पाढे संपले. एकोणतीसपर्यंत येतात, पण गुडघा दुखताना एकोणतीस जमत नाही. काहीतरी बोलायला हवं म्हणून, केवळ ट्रेनिंगसाठी, मिथुनला जरा सुनावलं.

चार दिवस ताप अंगावर काढला. फोनवर मला म्हणाला, दादूस, व्हायरल हाय, पपईच्या पानांचा रस घेतोय. आमच्या घरात मी एक केमिस्ट. मला विचारायचं सोडून पपई. हे सगळं पळस्पे ते कर्नाळा स्पष्ट शब्दांत सांगितलं. एकदाही दम लागला नाही. म्हणजे वेग बरोबर होता.

पद्धत उपयोगी आहे. चालू ठेवणार.

२२ डिसेंबर, रविवार
आजचे विषय: ओला टॉवेल गादीवर टाकणे. आईला न सांगता डोंगरात मुक्कामी जाणे. माझ्या लग्नात वरातीच्या घोड्याला सायकलची घंटा बांधणे (घोडा उधळला, मी वर होतो). लग्नाला एकतिसाव्या वर्षीही नकार देणे. दर मुलीच्या वेळी "दादूस, फुरच्या वर्साला."

कर्नाळ्याच्या पायरीपर्यंत निम्मेच झाले. परतीला उरलेले. अंतर आपोआप वाढतंय.

काकांचा टेप आज बंद होता. बिघडला असेल. बरं झालं.

२९ डिसेंबर, रविवार
डॉक्टरकडे गेलो. गुडघा दाबून म्हणाला, सायकलची सीट तुम्हाला उंच होते का? सगळे मिळालेले आहेत. फी देऊन बाहेर पडलो, गोळ्या घेतल्या नाहीत.

१ जानेवारी २०१४
संकल्प. चिडायचं नाही. रोज पंधरा मिनिटं ताणाचे व्यायाम. गोड बंद. प्रितेशचे फोन घ्यायचे.

संध्याकाळी प्रितेशचा फोन आला. घेतला नाही. संकल्प उद्यापासून, आज सुट्टी होती.

५ जानेवारी, रविवार
चव बदलावी म्हणून नेऱ्याच्या बाजूला गेलो. धुकं होतं. गाढेश्वरच्या रस्त्याला ट्रेलर नाहीत, काकाही आले नव्हते, त्यामुळे मोकळेपणाने बोलत होतो. विषय जरा मोठा होता. त्याच्या खोलीचं आता काय करायचं ते तरी सांगून जायचं होतं, वगैरे. अचानक शेजारी प्रितेश. हा माणूस आवाज न करता चालवतो. म्हणाला, दादूस, फोनवर आहात का? म्हटलं, हो, कानात वायर आहे. कानात काही नव्हतं.

त्याने गिअर बदलला. मग म्हणाला, मी पण बोलतो. उतारावर. तिथे तो कायम फुरं असायचा ना.

मी म्हटलं, उतारावर ब्रेककडे लक्ष दे. तो पुढे निघून गेला.

नेऱ्याला कठडा नाही. ओळखीच्या नसलेल्या एका घराच्या ओट्याला धडकून थांबलो. घरातल्या बाईने चहा दिला. बरा होता.

१४ जानेवारी, संक्रांत
सुतकाचं वर्ष, घरात तिळगूळ नाही. कंपनीत एकाने हातावर ठेवलाच. गोड बोला म्हणाला. मी कोणाशीही गोड बोलणार नाही. रेस जवळ आली आहे.

१९ जानेवारी, रविवार
प्रितेशचं म्हणणं, आता रस्ता पुरे, दातेरी टायर चढवू, नेऱ्याच्या मागच्या डोंगरात चार-पाच वेळा या, पायवाटेची सवय हवी. मी नकार दिला. पाया पक्का असला की इमारत उभी राहते. डोंगर म्हणजे रस्ताच, फक्त उभा. शिवाय गुडघा.

जिना चढताना मी उजवा पाय उचलून ठेवतो हे आईने पाहिलं. आई म्हणाली, "जगन, नको जाऊस रं. त्या दिसाचा तो कावला..." आणि थांबली. म्हटलं, काय? म्हणाली, "काय नाय. जेव." म्हटलं, आई, शब्द दिलाय. ती पदराच्या टोकाशी चाळा करत बसली.

२ फेब्रुवारी, रविवार
शेवटची लांब फेरी. तयारी पूर्ण. खोटा मोठेपणा नको, पण पहिल्या निम्म्यांत येईन असा अंदाज आहे. इतक्या शिस्तीने तीन महिने कोणी केलं नसेल. बाकीचे डोंगरात उड्या मारत बसले असतील.

प्रितेशने छातीवर लावायचा नंबर आणून दिला. खाली नाव मिथुनचंच छापलेलं आहे. यादी बदलायची राहिली म्हणाला. मुद्दाम राहिली असणार. नंबर तसाच कपाटात ठेवला.

९ फेब्रुवारी, रविवार. रात्री.
थोडक्यात लिहितो.

सुरुवातीच्या रेषेवर कठडा नव्हता. मैदान. दोनेकशे सायकलवाले, सगळ्यांचा एक पाय जमिनीवर. माझा एकही नाही. प्रितेशने मागून सीट धरून मला उभं ठेवलं, लहान पोराला धरतात तसं. लोक बघत होते. तो म्हणाला, दादूस, दोन मिनिटं आहेत, ऐका माझं, खाली करतो. आणि त्याने खटक्याला हात घातला.

मी ओरडलो. मोठ्याने. हात लावलास तर याद राख, हे त्याने ठेवलंय. अजूनही काही म्हणालो. आवाज फाटला. सकाळचा गारठा होता.

प्रितेशने दोन्ही हात काढले. दोन्ही काढायची गरज नव्हती. मी शेजारच्यावर पडलो, तो त्याच्या शेजारच्यावर. पाच-सहा जण गेले. झेंडा पडला तेव्हा आम्ही आपापल्या सायकली ओळखत होतो.

एका दगडावर चढून मी सायकलवर बसलो आणि निघालो. पहिला चढ बरा गेला. दोनचा पाढा. पुढे कोरडा ओढा. गोटे. थांबावं लागलं. डावा पाय सवयीने कठडा शोधायला गेला. खाली काही नव्हतं. बराच वेळ काही नव्हतं. मग ओढा होता.

डोंगरात कठडे नसतात हे प्रितेशने आधी सांगायला हवं होतं.

कोपर फुटलं. गुडघा तोच. सायकलला काही झालं नाही. सीट जागेवर आहे. ढकलत परत आलो. सुरुवातीची कमान ओढ्यातून दिसतच होती. तिथल्या मुलीने नंबर मागितला, रेस सोडली असं लिहायचं होतं. तिने नाव वाचलं, मिथुन? म्हटलं, नाही. हो. लिहा.

परतीला काकांच्या गाडीत. प्रितेश मागे सायकलला धरून बसला होता. कोणीही टेप लावला नाही.

१० फेब्रुवारी
रजा. गुडघा नारळाएवढा.

रेस पुरी झाली नाही म्हणजे शब्द मोडला. कावळ्यासमोर दिलेला. दिवसभर हेच.

दुपारी आई मिठाची पुरचुंडी गरम करून शेकायला बसली. बराच वेळ शेकत होती. मग खाली बघत म्हणाली, "कावला तुज्या रेसला नाय आलता."

म्हटलं, म्हणजे?

म्हणाली, "माज्या पदराला सुका जवला बांधलेला व्हता. मिथुनला आवरायचा म्हनून नेलेला. सुतकात मासली, मग सांगनार कोनाला? तू उनात उभा. पाय वरखाली करत व्हतास. मना बघवंना. गेलेला गेला, हा पन भाजतोय. टाकला मागून पिंडावर. कावला जवल्याला आला रं."

मी म्हटलं, तीन महिने, आई. तीन महिने मी हा गुडघा. आधी का नाही सांगितलंस?

ती पुरचुंडी दुसऱ्या बाजूला फिरवत म्हणाली, "सांगनार व्हते. पन तू बोलाय लागलावतास ना. सायकलवर का व्हयना. बुधाजी काच खाली करून ऐकायचा, मना येऊन सांगायचा. आज घोऱ्याचं बोल्ला, आज टावेलाचं बोल्ला. मग मी म्हटलं, जाऊ दे."

म्हणजे टेप बिघडला नव्हता.

या घरात कोणाशीही बोलायची माझी इच्छा नाही. जेवलो नाही. नंतर किशोरीने ताट झाकून ठेवलेलं खाल्लं.

१२ फेब्रुवारी
प्रितेशला फोन केला. उचलल्यावर काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. टायर परत कधी बदलायचे असं विचारलं. म्हणाला, कधीही या दादूस. म्हटलं, बरं. ठेवला.

१६ फेब्रुवारी, रविवार. सकाळी.
शब्द नव्हताच, त्यामुळे अट नाही. ओट्यावर बसून खटका उघडला. एका बोटाने उघडतो. मला वाटलं होतं पाना लागेल.

सीट दाबली. सरकत खाली गेली. काळी पट्टी दांड्याबरोबर आत गेली. थोडी वर घेऊन पाहिली, दिसली. परत खाली. खटका लावला.

बसलो. दोन्ही पाय जमिनीला टेकतात.

कोनला जाऊन आलो. गुडघा अजिबात दुखला नाही. आता कुठेही थांबता येतं. कुठेही थांबलो. कठड्यापाशी थांबलो नाही, कारण नव्हतं.

मागे काकांची गाडी होती. टेप बंद, काच खाली. नुसतेच येत होते.

सतराचा पाढा म्हटला. लवकर संपला. पुढे काही सुचलं नाही. टॉवेलचं, घोड्याचं, पपईचं, सगळं आधीच बोलून झालेलं आहे. घरापर्यंत गप्पच आलो. त्यामुळे वेग बरोबर होता की नाही, सांगता येत नाही.